शमीमआपाचा डावा हात

शमीमआपाच्या सलीमचा फोन आला तेव्हा मी चहा गाळत होते. ‘काकी, अम्मी गेली,’ एवढंच म्हणाला. गाळणी हातात धरून मी तशीच उभी राहिले. रडू आलं नाही, राग आला. महिना उलटून गेला तरी तो उतरलेला नाही, म्हणून लिहायला बसले.

मलकापुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशीच शमीमआपाचं गाद्या-रजयांचं दुकान. घर पिंजाऱ्याचं, कापूस पिंजण्यात पिढ्या गेलेल्या. आमच्या बीटी कापसाला गुलाबी बोंडअळी लागली त्या साली व्यापारी तो चिमटीत धरून नाक मुरडायचे. असला किडका, डागाळलेला कापूस म्हणजे कवडी. ती आपानं रजयांसाठी घेतली, आणि गिऱ्हाइकाला तोंडावर सांगितलं की आत कवडी आहे. तिची एक रीत होती... रजईचा एक कोपरा ती शिवायचीच नाही. गिऱ्हाईक आलं की म्हणायची, ‘हात घाल अंदर. पाह्य, काय भरलं हाय ते.’ त्यानं चाचपून मान हलवली की मग कोपरा बंद.

पुढे तिच्या डाव्या स्तनात कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, औषधं झाली, ती बरी झाली. आजार परतू नये म्हणून रोजची एक गोळी तेवढी राहिली. मग करोनाची लस आली. लग्नसराईच्या रजया शिवायच्या होत्या, म्हणून नर्सबाईंपुढे हिनं डावा हात केला. ‘उजव्यानं सुई धरतो बाप्पा. तो दुखला तं काम कोन करन?’ ऑपरेशन ज्या बाजूचं, तो हात टोचायला देऊ नये, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

थोड्याच दिवसांनी नेहमीच्या तपासणीसाठी मी आणि सलीम तिला मोठ्या शहरात घेऊन गेलो. त्या तपासणीत साखरेसारखं एक औषध शिरेतून देतात. शरीरात जिथे पेशी जोरात कामाला लागलेल्या असतात तिथे ते जमतं आणि चित्रात ती जागा उजळते. आपाची डावी काख उजळली. डॉक्टर पडद्याकडे बघतच म्हणाले, ‘पसरलंय.’ तिच्याकडे पाहिलं नाही, एक प्रश्न विचारला नाही. घरी नातेवाईक जमले आणि त्यांनी तिच्यासमोरच रडून घेतलं. तिनं गोळी बंद केली. ‘मराचंच हाय तं गोया कायले खाऊ?’

दोन-तीन महिन्यांनी मी तिला ओढतच बुलडाण्याला एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. चित्र पाहून त्यांनी आधी हेच विचारलं, ‘लस घेतली होती का? कोणत्या हाताला?’ मग समजावलं. लस टोचली की त्याच बाजूच्या काखेतल्या गाठी जाग्या होतात, फुगतात, आणि चित्रात उजळतात. काही आठवड्यांनी त्या आपोआप विझतात. तपासणी पुन्हा केली. काख स्वच्छ! मी तिथेच रडले. आपा हसली, आणि ते हसू मला आवडलं नाही.

‘म्हंजे मले फुकटच मारून टाकलं होतं?’

गोळी पुन्हा सुरू करा, म्हणून बाईंनी बजावलं. तिनं केली नाही. मागच्या हिवाळ्यात त्याच काखेत गाठ हाताला लागली. मी म्हटलं, ‘आपा, चल.’

‘लसीची असन व.’

‘अगं, लस घेऊन किती वर्षं झाली!’

‘तं मंग मशीन काय सांगनार? एक डाव म्हने पसरलं, एक डाव म्हने नाही. झूट बोलते ते.’ आणि सुईत दोरा ओवायला लागली. डावा हात सुजून रजई धरवेना तेव्हा कुठे ती उठली... तोवर डॉक्टरांच्या हातात काही उरलं नव्हतं.

मशीन झूट बोललं नव्हतं, आपा. उजळलं तेवढंच त्यानं दाखवलं. लसीनंही आपलं काम केलं. विचारायचं काम माणसाचं होतं, आणि त्या माणसाला एका प्रश्नाचा कंटाळा आला. तो आजही तिथेच बसत असेल, पडद्याकडे बघत. शमीम नावाची कुणी बाई होती हे त्याला आठवतही नसेल.

परवा सलीम रजई घेऊन आला. माझ्या लेकीसाठी करायला सांगितलेली, आपानं शेवटी शिवलेली. ‘काकी, कोपरा बंद करून देऊ?’ मी नको म्हटलं. तो गेल्यावर आत हात घातला. सरकीचे बारके तुकडे बोटांना लागले. आत आमच्याच शेतातली कवडी भरणार, असं आपानं सांगितलं होतं. तीच होती.