दोन लाल ठिपके

"डोले मिट, बाय. उघऱ्या डोल्यांनी आवाज निम्माच ऐकू येतो."

गाडीत कसलाही आवाज येतोय म्हटलं, की मिस्तरी आधी हे सांगायचे. मग बॉनेटवर तळहात ठेवून स्वतःही डोळे मिटायचे. तुर्भ्याला कारखान्यांच्या मागच्या गल्लीत त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं, एका वेळी एकच गाडी मावेल एवढं. बाहेर ट्रकवाले हॉर्नवर हॉर्न मारतायत आणि आत हा माणूस देवळात उभं राहिल्यासारखा उभा. तुम्हीही असा एखादा मिस्तरी पाहिला असेल. त्याच्यासमोर आपण उगाचच हळू बोलायला लागतो.

मी तेव्हा विजेचे मनोरे सांभाळणाऱ्या एका खासगी कंपनीत सुपरवायझर होते. आमचे काही मनोरे खाडीच्या चिखलात, काही डोंगरावर. म्हणून कंपनीनं फोर-व्हील ड्राइव्हची पिकअप घेतली होती. गरज पडली की एक दांडा ओढायचा आणि पुढच्या चाकांनाही जोर द्यायचा. पहिल्यांदा गेले तेव्हा मिस्तरींनी माझ्याकडे न बघताच आमच्या ड्रायव्हरला विचारलं, "साहेब कुठं हाय?" मी म्हटलं, "साहेब मीच." त्यावर ते मनापासून हसले, बोनकोड्याच्या घरून आणलेल्या डब्यातली सुक्या बोंबलाची चटणी पुढे केली आणि त्या दिवसापासून मी त्यांची 'बाय' झाले.

त्यांच्या हत्यारांच्या पेटीत पान्यांच्या शेजारी लाल नेलपॉलिशची एक बाटली असे. ती पाहिल्यावर गप्प बसणं मला शक्यच नव्हतं.

"काका, ही कोणासाठी?"

"गारीसाठी."

मग त्यांनी समजावून सांगितलं. गिअरबॉक्सचा जोर चाकांपर्यंत नेणारा लोखंडी दांडा म्हणजे शाफ्ट. तो दोन तुकड्यांचा असतो, एक तुकडा दुसऱ्यात दातांवर सरकतो. सोडवले, तर होते तसेच परत बसवायचे, एका दाताचाही फरक चालत नाही. म्हणून सोडवण्याआधी ते दोन्ही तुकड्यांवर समोरासमोर एकेक लाल ठिपका द्यायचे. बसवताना ठिपक्याला ठिपका जुळवला की झालं. "खडू पुसला जातो. हा डिझेलनं धुतला तरी नाय जात. पोरीच्या लग्नातली बाटली हाय."

दिवाळीत त्यांनी आमच्या गाडीच्या पुढच्या शाफ्टचे क्रॉस बदलले. क्रॉस म्हणजे शाफ्टच्या दोन टोकांना असलेले सांधे. गाडी छान चालत होती. मग चार महिन्यांनी डोंगरावरच्या कच्च्या रस्त्याला ड्रायव्हरनं फोर-व्हील टाकली आणि खालून आवाज आला. खट्ट! ॲक्सिलरेटर दाबला की खट्ट, सोडला की खट्ट. मागे बसलेली माणसं उठून उभी राहिली. दर फेरीला आवाज वाढतच गेला. एका चकचकीत वर्कशॉपमधल्या तरुण इंजिनिअरनं आवाज न ऐकताच सांगितलं, की सगळा गिअरबॉक्स उतरवावा लागेल, आठ दिवस तरी लागतील. मला तर दुसऱ्याच दिवशी सकाळी चार माणसं डोंगरावर पाठवायची होती. मी तडक मिस्तरींकडे गेले.

त्यांनी गाडी नाल्यापलीकडच्या मातीच्या मैदानात नेली. "डांबरावर फोर-व्हील टाकायची नाय, आखी गारी आवलते, चाकं मोकली फिरत नायत." मला मागे बसवलं, स्वतः ड्रायव्हरशेजारी बसले. आधी फोर-व्हील न टाकता पुढे-मागे. आवाज नाही. मग फोर-व्हील टाकून पुढे. खट्ट. पाय काढ. खट्ट. रिव्हर्स. खट्ट. आम्ही तिघंही डोळे मिटून बसलो होतो, म्हणजे ड्रायव्हरनं एक उघडा ठेवला असावा.

"गिअरबॉक्सला काय नाय झालं. पुढला शाफ्ट."

गॅरेजात परत येऊन त्यांनी चाकांना दगड लावले, गाडी न्यूट्रल केली आणि खाली शिरून शाफ्ट दोन्ही हातांनी उलटसुलट पिळला. खालूनच म्हणाले, "क्रॉस गेला."

"चार महिन्यांत?" मी विचारलं.

त्यांनी शाफ्ट उतरवला आणि मांडीवर घेऊन बसले. दोन्ही टोकांना क्रॉस धरून ठेवणारे लोखंडी कान असतात. एका टोकाचे कान त्यांनी बोटांनी चाचपले, मग दुसऱ्या टोकाचे. परत पहिल्या टोकाचे.

"बाय, दोन्हीकडचे कान एका रेषेत हायत का?"

मी पाहिलं. कान चक्क तिरके होते. लहान मुलालाही कळलं असतं. "नाहीत, काका."

"पन निशान तं जुलतंय ना?"

निशाण जुळत होतं. लाल ठिपक्यासमोर लाल ठिपका. मी फडक्यानं चिखल पुसला आणि माझा हात थांबला. एका तुकड्यावर लाल ठिपके दोन होते, बोटभर अंतरावर. एक नेलपॉलिशचा, चमकणारा. दुसरा मळकट, ऑइलपेंटचा.

आमचा साताऱ्याचा भाविक ड्रायव्हर पुढे आला. "मॅडम, त्यो माझा. दसऱ्याला लावलेला. चिखलात कुंकू टिकत न्हाई, म्हनून रंगाचा टिळा. समदा भार ह्यो दांडा ओढतो आन् पूजा निस्ती बॉनेटची."

मिस्तरींनी दुसऱ्या तुकड्यावरचा आपला ठिपका ड्रायव्हरच्या टिळ्याशी जुळवला होता. चार महिने शाफ्ट तिरका फिरत होता आणि दर फेऱ्याला नव्या क्रॉसना हिसके देत होता. मी ड्रायव्हरवर ओरडणार, तेवढ्यात मिस्तरींनी हात वर केला.

"ह्यातला माझा कंचा?"

मला वाटलं, थट्टा करतायत. मी हसलेसुद्धा. अजून आठवलं की लाज वाटते. त्यांनी शाफ्ट उजेडाकडे नेला, नाकाशी धरला, लांब धरला.

"सांग गो. मना दोन दिसतच नायत."

ज्या माणसाच्या हाती आम्ही डोळे झाकून गाडी देत होतो, त्याला वीतभर अंतरावरचे दोन ठिपके वेगळे दिसत नव्हते.

"कधीपासून, काका?"

"वरीस झालं. हातानं जमतंय म्हनून कोनाला बोल्लो नाय. त्या दिवशी हातानं बगाया पायजे व्हतं. निशानावर भरवसा ठेवला." मग एकदम विचारलं, "मागं किती मानसं बसतात?"

"चार."

"डोंगराच्या चरावावर शाफ्ट तुटला असता तं..." ते शाफ्ट परत चाचपायला लागले. मी म्हटलं, चूक ड्रायव्हरची आहे, भलतीकडे रंग लावला. ते चिडले. "त्यानं पूजा केली. काम मी केलं."

मग त्यांनी नवे क्रॉस घातले. दर पायरीला विचारत होते, "बग, सरल हाय?" मी हो म्हणायची आणि तरीही ते बोटांनी खात्री करून घ्यायचे. जुने सगळे ठिपके थिनरनं पुसायला लावले आणि बाटली माझ्या हातात दिली. "निशान आता तू कर. नखांना लावू नको, गारीसाठी हाय."

मैदानात नेऊन फोर-व्हील टाकली. दाब, सोड, रिव्हर्स. काही म्हणजे काही आवाज नाही. मला आनंद व्हायला हवा होता. मी खिडकीकडे तोंड करून रडत होते.

दुसऱ्या दिवशी चौघं डोंगरावर जाऊन सुखरूप परत आले. मिस्तरींना डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला, गेलेली नजर परत येणार नाही म्हणाले. त्यांनी पुन्हा पाना हातात घेतला नाही. गेल्या पावसाळ्यात ते गेले. गॅरेजच्या जागी आता मोबाइलची कव्हरं मिळतात. बाटली माझ्याकडे आहे. आताचा मेकॅनिक शाफ्ट काढायला लागला की मी खाली वाकून ठिपके देते, आणि बसवल्यावर डोळे मिटून दोन्ही टोकांचे कान चाचपते. तो हसतो.

मला आठवते ती त्या संध्याकाळची शेवटची गोष्ट. त्यांनी शटर ओढलं, कुलूप हातात घेतलं, अंगठ्यानं त्याचं भोक शोधलं आणि मग किल्ली घातली. हे मी वर्षभर पाहत आले होते. कुलूप जुनं असेल, असं मला वाटायचं.