बेंगळूर बघायला गेलतो

लेकाकडं बेंगळूरला गेलतो. विधानसौध बाहेरूनच बघितलं, मग लालबागेत गेलो. तिथं सगळे काचेचं घर बघत होते आणि आमची ही पुढच्या बाईचा पदर उलटा करून वीण बघत होती.

"आक्का, ही साडी आमच्या शहापूरशेजारच्या वडगावच्या मागावरची हाय!"

"सोड गं तो पदर. मला मार खायला लावशील," मी म्हटलं.

"विणकराच्या बायकोनं साडी बघायची न्हाय, तर काय झाडं बघायची?"

ती बाईपण हसली.

त्याच रात्री ही झोपेतच गेली. लेक म्हणाला, "आप्पा, सगळं इथंच करूया."

"न्हाय रं. हितं तिला वळखतंय कोण?"

सकाळी गाडी ठरवली आणि तिच्या उशाशी बसून तिला शहापूरला, आमच्या घराकडं घेऊन निघालो.