सात राखाडी

उजव्या हाताची मूठ सैल वळायची, तिची नळी करून डोळ्याला लावायची, दुसरा डोळा मिटायचा, समोरच्या वस्तूकडे क्षणभर बघायचं आणि एक शब्द टाकायचा. "फेल." सणासुदीला कधीतरी, "पास." आमच्या गल्लीतल्या मावशींचं जगाशी बोलणं एवढ्यावर भागायचं. भाजीवाल्याचे टमाटे फेल. शेजारच्यांच्या भिंतीचा नवा रंग फेल. एका लग्नात त्यांनी नवरदेवावर मूठ रोखली, तेव्हा त्यांच्या मुलीनं धावत येऊन त्यांचा हात खाली ओढला. पण निकाल लागून गेला होता आणि पुढच्या दोन रांगांनी तो ऐकलाही होता.

ही सवय त्यांना नोकरीनं लावली. जबलपूरच्या रिछाई भागात लोखंडी कपाटं बनवणारा एक कारखाना होता, तिथं त्या तीस वर्षं रंग तपासायच्या. भट्टीतून कपाटाचं दार निघालं की ते नमुन्याच्या पत्र्याशेजारी धरायचं आणि मुठीतून बघायचं. मुठीतून का, तर "बाजूचा रंग डोळ्याले फसवते." कपाटं सगळी राखाडी. पण राखाडी म्हटलं की मावशी उखडायच्या. "कोणता राखाडी? सात आहेत." चुलीच्या राखेचा, उंदराचा, पारव्याचा, शिशाचा, हत्तीचा, ओल्या सिमेंटचा आणि पाऊस येईल-येईल म्हणून न येणाऱ्या ढगाचा. कारखान्यात त्यांना नुसते नंबर होते. नावं मावशींची.

आता माझ्याविषयी सांगतो, कारण ह्या गोष्टीत गाढव लागतं आणि ते मीच आहे.

मी डिजिटल चित्रकार आहे. जबलपुरात असं सांगितलं की लोक म्हणतात, "अच्छा, फ्लेक्स बनाते हो." म्हणून ओमतीतल्या माझ्या दुकानाच्या पाटीवर मी 'रंगानुभूती' असं लिहून घेतलं. त्यानंतर लोक विचारू लागले, "भैया, यहाँ मालिश होती है क्या?" रविवारी मी वर्ग घ्यायचो. समोरच्या सहा जणांना, डोळे अर्धे मिटून, सांगायचो की रंग वस्तूत नसतो, डोळ्यातही नसतो, तो चेतनेत असतो. ह्याचा अर्थ त्यांनी कधी विचारला नाही, हे माझं नशीब. भेडाघाटचे पांढरे खडक मी जांभळे रंगवायचो, खालचं पाणी नारिंगी, आणि ते फोनवर सोडताना लिहायचो, 'मौनाचा वर्ण'. लोक धडाधड बदाम पाठवायचे. तुम्हीही पाठवला असेल एखादा. आपण सगळेच असले बदाम पाठवतो आणि भेडाघाटला गेल्यावर भुट्टा खातो.

पोट मात्र भरायचं मेलेल्या माणसांवर. कुणाचे वडील गेले, आजी गेली की घरचे फोनमधला एखादा धुरकट फोटो घेऊन येतात आणि म्हणतात, "मोठं चित्र करून द्या. आणि जरा उजळ करा." हे 'जरा उजळ' इतक्यांदा ऐकलं की मी त्यासाठी एक बटणच बनवून ठेवलं. ते दाबलं की सुरकुत्या जातात, कातडी दुधी होते, डोक्यामागे मंद तेज येतं. बटणाचं नाव मी 'स्वर्ग' ठेवलं होतं. आमच्या भागातली कैक माणसं माझ्या हातून स्वर्गाला गेली.

मावशी पहिल्यांदा दुकानात आल्या तेव्हा भिंतीवर अशी नऊ माणसं होती. त्यांनी मूठ लावली आणि एकेकावरून फिरवत नेली.

"हे सगळे एका घरचे काय रे?"

"नाही मावशी. वेगवेगळे आहेत. हे वकील, ह्या शाळेतल्या बाई, हे..."

"आमच्या इथं कपाटं एका रंगाची निघत होती. तुझ्या इथं मेलेले निघून राहिले." मूठ खाली आली. "फेल."

मी हसलो. असल्या वेळी कलावंत हसतो आणि मनात म्हणतो, कपाटवाल्या बाईला काय कळणार! मी तर तसं अगदी शब्दशः म्हणालो, मनात.

मावशींनी पिशवीतून वहीत जपून ठेवलेला एक फोटो काढला. त्यांच्या आईचा. काळा-पांढरा, विदर्भातल्या कुठल्याशा स्टुडिओत काढलेला, एकुलता एक. फोटोवाल्यानं आधी त्या बाईला पावडर थापली होती, मग निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून उरलासुरला चेहराही धुऊन टाकला होता. माझ्या धंद्याचा मूळपुरुषच म्हणायचा.

"माझी माय अशी नव्हती," मावशी म्हणाल्या. "काळी होती. चांगली काळी. मी नऊ वर्षांची असताना गेली. तिले पाहिलेलं आता माझ्याशिवाय कोणी उरलं नाही. मी महिन्यानं नागपूरले चालली पोरीकडे, कायमची. तिथं बुद्धाच्या बाजूले लावाची आहे. पण खरी पाहिजे. खरी जमत असंन तर सांग, नाही तर चलो, मी चालली."

मी म्हणालो, "मावशी, माझ्या पडद्यावर कोटीच्या वर रंग आहेत."

"मले सात पुरले," त्या म्हणाल्या आणि स्टूल ओढून बसल्या.

मग दुपारमागून दुपार आम्ही एका बाईची कातडी शोधत होतो. मावशी रोज पिशवीतून काहीतरी काढायच्या. चिंचेचा गोळा. उकळून-उकळून दाट झालेल्या चहाची बाटली. जांभळाची बी. एकदा तव्याची मूठ. ते पडद्याशेजारी धरायचं आणि म्हणायचं, "असा. पण असाच नाही." मी चिंचेकडे बघून रंग घ्यायचो, मावशी मूठ लावायच्या. फेल. चहा घ्यायचो. फेल. चौथ्या दिवशी मी वैतागून त्यांना वर्गातलं व्याख्यान ऐकवलं, चेतनेसकट. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. हे त्यांचं मोठेपण.

"झालं? आता तो उजेड कमी कर."

"कोणता उजेड?"

"तुझ्या पडद्याचा. तुझा पडदा दिवा आहे. माझी माय दिवा नव्हती. तिच्यावर उजेड पडत होता."

मी पडद्याचा उजेड उतरवत गेलो. त्या "आणखी, आणखी" म्हणत राहिल्या, आणि एका जागी पडदा शेजारच्या भिंतीइतकाच मंद झाला, कागदासारखा. माझा सगळा जांभळा-नारिंगी खजिना एकदम लग्नानंतरच्या मांडवासारखा दिसू लागला. बारा वर्षं मी रंगांवर बोलत होतो. खरं म्हणजे मी दिव्यावर बोलत होतो. हे मी वर्गात अजून कुणाला सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका.

त्याच दिवशी मी सहज विचारलं, "मावशी, आई डोळ्यांपुढं येते ती कुठं बसलेली?"

"ओसरीवर. दिवे लागायच्या आधी. मी अंगणातून पाहून राहिली तर तिचं तोंड आणि पदर एकच होऊन जाये. कुठं पदर संपते, कुठं गाल सुरू होते, समजत नव्हतं. डोळे फक्त दिसत. हसली तर दात. मले भेव वाटे. मी हाका मारू-मारू तिले बोलायले लावत होती."

"पदर कसला?"

"हिरवं लुगडं."

"ते लुगडं..."

"वाकळीत आहे."

दुसऱ्या दिवशी वाकळ आली. शेकडो तुकड्यांत एक हिरवा तुकडा. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. तोंड आणि पदर एकच होत असतील तर पदर जितका गडद, तितकंच तोंड गडद. मी तो हिरवा पडद्यावर घेतला, सगळं चित्र राखाडी करून टाकलं, आणि चेहऱ्याचा राखाडी पदराच्या राखाडीला जुळवला. मावशींनी बघितलं.

"ही मामी झाली."

"म्हणजे?"

"मामी गोरी होती माझी. जीव खाल्ला तिनं आमचा. काढ तिले तिथून."

चूक माझीच होती. साठएक वर्षं धुऊन विटलेल्या तुकड्यावर मी विश्वास ठेवला होता. मावशींनी माझ्या टेबलावरचं ब्लेड घेतलं आणि वाकळीची शिवण उसवायला लागल्या. मी म्हणालो, "अहो मावशी, राहू द्या, आईची आहे." "माहीत आहे कोणाची आहे ते," म्हणाल्या. टाका एकही वाकडा तुटला नाही. दुमडून आत शिवलेली बोटभर कड त्यांनी उलगडली. तिथं ऊन पोचलं नव्हतं, साबणही फारसा नाही. आतला हिरवा जवळजवळ काळा होता.

मी तो घेतला. पुन्हा चित्र राखाडी केलं, पुन्हा चेहरा जुळवला. तुम्हाला सांगतो, वर्गात मी पहिल्या दिवशी बजावतो की चेहरा भोवतालातून उठून दिसलाच पाहिजे. इथं चेहरा पदरात बुडून गेला. मी म्हणालोही, "मावशी, असं कुणी रंगवत नाही. उठून दिसत नाही चेहरा."

"ओसरीवर कोण उठून दिसते रे?"

मी डोळे घातले, पांढऱ्याचे दोन ठिपके. दातांची एक फिकट रेघ. आणि वळून बघितलं तर मावशींची मूठ वर आलीच नव्हती. दोन्ही हात मांडीवर होते.

"माय," त्या म्हणाल्या. मला नाही. पडद्याला.

इथं थांबलो असतो तर मी शहाणा ठरलो असतो. पण कलावंत माणूस! मला उधाण आलं. म्हटलं, गडदपणा जुळला, आता रंग काय, आपोआप बसेल. दोन दिवस खपून मी त्या राखाडीवर रंग चढवले. चिंच, चहा, जांभूळ, सगळ्यांतलं थोडं-थोडं घेतलं. छान झालं. फार छान झालं, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. उलट मी त्यावर अगदी हलक्या हातानं, पावपट, 'स्वर्ग' दाबला. सवय. शिवाय नागपुरात मुलगी बघेल, जावई बघेल, एवढी काळी कशी म्हणतील, असंही वाटलं. म्हणजे त्या बाईची लाज मला, जिला मी कधी पाहिलं नव्हतं.

मावशी खूप वेळ बघत राहिल्या. मी 'फेल' ऐकायला तयार होतो.

"हा उजेड तू टाकला ना मागून?"

"थोडासाच."

"तो काढशील तू. ते जाऊ दे." त्या पडद्याकडे न बघता बोलू लागल्या. "बाबू, एक गोष्ट आहे. मले रंग आठवत नाही."

"कुठला?"

"मायचा. मी चिंच आणली, चहा आणला, मले वाटत होतं आठवून राहिला. चहा पाहून चहाच आठवत होता. काळी होती ते माहीत आहे. किती काळी ते माहीत आहे, त्या पदराएवढी. पण कशी काळी, लालसर का निळसर, ते गेलं. कवा गेलं तेही माहीत नाही." पदरानं चष्मा पुसला. "आता मी ह्याले बरोबर म्हटलं तर बरोबर होऊन जाईन. कोणी बोलायले उरलं नाही ना. पण तीस वर्षं मी न पाहिलेल्या दारावर सही केली नाही."

"मग काय करायचं?"

"ते बिनरंगाचं दे. तेवढं खरं आहे."

मी तासभर वाद घातला. लाजत सांगतो, मी त्यांना असंही म्हणालो की कला म्हणजे आठवणीच्या पलीकडचं सत्य. त्या म्हणाल्या, "काहून डोकं खाऊन राहिला?"

छपाईवाल्यानं फाइल बघून मला लगेच फोन केला. "भैया, गलती से ब्लैक एंड व्हाइट चली आई है। और बहुत डार्क है, थोड़ा खोल दूँ?" मी म्हणालो, काही खोलू नकोस. उजळ न करता माझ्या दुकानातून बाहेर पडलेलं ते पहिलं माणूस.

मावशींना गाडीत बसवायला मीच गेलो. दुपारची गाडी, खिडकीची जागा. ट्रंक सीटखाली गेली, वाकळ सीटवर, आणि चित्र मांडीवर, टॉवेलात. समोरच्या बाईनं टॉवेलाचा कोपरा सरकला तसं वाकून बघितलं.

"अम्मा, ये आप ही हो ना? जवानी की?"

"माँ है मेरी."

"हाय राम! पूरी की पूरी आप। वही नाक-नक्श, रंग भी वही का वही।"

फलाटावर, खिडकीच्या गजाला धरून, मी मावशींच्या चेहऱ्याकडे बघितलं. खरं म्हणजे पहिल्यांदाच. महिनाभर ती बाई माझ्या स्टुलावर, पडद्यापासून हातभर अंतरावर बसून होती. मी चिंच बघितली, तव्याची मूठ बघितली. त्यांनी आरसा सोडून सगळं बघितलं. रंगाची जाण असलेली दोन माणसं!

मावशींनी टॉवेल पूर्ण बाजूला केला, डाव्या हातातली बांगडी वर कोपराकडे सारली आणि मनगटाची आतली बाजू चित्राच्या कडेला टेकवून खिडकीच्या उन्हात धरली. गाडी हलली. मी दोन पावलं बरोबर चाललो, हात केला. त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं.