शकुनने मागितलेला रिपोर्ट

रांगेत माझ्यापुढे दोनच माणसं उरली होती, तेव्हा बायकोचा फोन आला. "शकुनचा श्वास वाढलाय, लवकर वर या." सरकारी दवाखान्यात वर वॉर्ड, खाली रिपोर्टची खिडकी. धाकटी बहीण वर, आणि मी खाली, माझ्या मुलीच्या, पल्लवीच्या रक्ताच्या रिपोर्टसाठी. सकाळीच शकुन तोंडावरचा मास्क बाजूला करून म्हणाली होती, "दादा, पोरीचा रिपोर्ट घेऊनच ये. नाही त येऊच नको." दोनच तर माणसं... थांबलो. पाकीट घेऊन जिना चढलो, तोवर ती गेली होती. बहिणीचा शब्द जन्मात एकदाच पाळला, तोही नेमका नको तेव्हा.

लहानपणी आमच्या गावी, बिरसीला, भाताचा रोवणा लागला, की बांधीतल्या थंड पाण्यात तासभर उभं राहून शकुनचे सांधे धरायचे. आम्ही तिला कामचुकार म्हणायचो. 'रोवण्याची महाराणी' हे नाव तर मीच ठेवलं. मोठेपणी गावात शिबिर लागलं, बोटातलं रक्त घेतलं, मग मोठी तपासणी झाली आणि तिच्या हाती सिकलसेलचं लाल कार्ड आलं. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात, गारठ्यात अडकतात, म्हणून दुखतं. मी ते महाराणी नाव टाकून दिलं, तिने नाही. "महाराणीले पाणी आणा," असं मलाच फर्मावायची.

आईबाबा धडधाकट, मग हिलाच काऊन, हे कोणाला उमगेना. तिनेच सांगितलं, "मायकडून एक दाणा येते, बापाकडून एक. एक पोचट निघाला त निभते, माणूस ठणठणीत राहते. पण तो पोचट दाणा पोराले जाऊ शकते. मले दोन्ही पोचट आले." मग माझ्याकडे बोट. "तुयाकडं एक असू शकते. तपासून घे." मी दहावीला आनुवंशिकता शिकवतो, पोरांकडून वाटाण्याच्या चौकटी भरून घेतो. पण स्वतःच्या बोटाला सुई? कधी पेपर तपासायचे असायचे, कधी उपास. "मास्तर, रक्त उपासाले चालते," ती म्हणायची.

पल्लवीचं कोहमाऱ्याच्या निलेशशी जुळलं. त्याने पहिल्याच भेटीत पिवळं कार्ड समोर ठेवलं. म्हणजे एक दाणा पोचट. पल्लवीही तशीच निघाली, तर दर बाळंतपणात चारात एक शक्यता शकुनसारख्या मुलाची. मी म्हणालो, "साक्षगंध होऊन जाऊ दे, मग बघू."

शकुन तापातून उठून बसली. "मग काय बघशीन? माह्यासारखी पोर?"

दुसऱ्या दिवशी तीच पल्लवीला तपासणीला घेऊन गेली. त्याच आठवड्यात शकुनला भरती करावं लागलं.

शकुन गेल्यावर रिपोर्टचं पाकीट चार दिवस देव्हाऱ्याजवळ तसंच पडलं होतं. पाचव्या दिवशी पल्लवीने फोडलं. वाहक. एक दाणा पोचट. मग तीच हळू आवाजात म्हणाली, "माझ्या वेळी आईची तपासणी झाली होती. ती नॉर्मल. मग हे कुठून आलं, बाबा?"

सगळं घर माझ्याकडे बघून राहिलं. सुई न टोचताच माझा निकाल लागला होता.

"आणि लग्न?" मी विचारलं.

"मी आणि निलेश आधीच डॉक्टरांना भेटलो. गरोदरपणात बाळाला लवकर तपासता येतं म्हणाले. पण पुढचं झेपेल का, ते आम्हाला ठरवू द्या. तुम्ही 'मग बघू' म्हणू नका फक्त."

निलेश येतो. दोघं फुलचूरच्या आमच्या अंगणात बसून हळू बोलतात. मी चहा ठेवून मागे फिरतो... अजून ठरलेलं नाही.

मागच्या आठवड्यात बिरसीला शकुनची खोली आवरली. दाराच्या मागच्या बाजूला तिने आमचं घराणं गोलागोलांनी काढून ठेवलंय. आईबाबांचे गोल अर्धे काळे, तिचा पूर्ण काळा. माझा अर्धा भरलेला, खोडलेला, पुन्हा भरून पुन्हा खोडलेला... तिथला रंग पार उडालाय. त्याखाली पल्लवीचा, कोरा. कडीला दोऱ्याने पेन्सिल बांधलेली. माझा गोल मी अर्धा भरला. पल्लवीच्या गोलाला हात लावला नाही. पेन्सिल तशीच लटकत ठेवून दार ओढून घेतलं.