मोटारीच्या खोलीला झालर

आमच्या आळे गावात रेल्वे न्हाई. आसपास रूळसुद्धा न्हाई. म्हणून तर चुलत्यानं विहिरीवरच्या मोटारीला खोली बांधली, ती बघून भावकीचं डोकं फिरलं.

चुलत्याला दौंडच्या भंगारवाल्याकडं इंग्रजांच्या काळातली, रेल्वे यार्डात कंदील ठेवायची खोली मिळाली. पाडलेली. त्यानं दगड-लाकूड ट्रकात घालून आणलं आन् व्हती तशीच उभी केली. दोन खाटा मावतील एवढीशी, पण थाट बंगल्याचा! काळ्या दगडाच्या जाड भिंती, खिडकीवर लाल विटांची कमान, छपराला दातेरी लाकडी झालर आन् वर हवेला जाळी.

विहीर भावकीत सामायिक, पाण्याची पाळी ठरलेली. थोरले चुलते खोलीला चक्कर मारून आले.

"मोटारीला झालर? नवरी हाये का ती?"

"स्वस्तात मिळाली, दादा."

"मला नको शिकवू. रेल्वे हितनं जाणार, हे तुला कळलंय. म्हणून आत्ताच स्टेशन बांधून बसलास."

पुणे-नाशिक रेल्वेची आवई तवा सारखीच उठायची. थोरल्यांनी सांगून टाकलं, खरं बोलत न्हाई तवर पाळी बंद. आमची टोमॅटो फुलावर व्हती.

मी नकला करण्यात वस्ताद. कमानीच्या खिडकीत बसलो, नाक दाबलं आन् सुरू केलं, "यात्रीगण कृपया ध्यान दें..."

बांधावरनं थोरले ओरडले, "बघा! पोरगं सराव करतंय!"

चुलत्यानं पायताण फेकलं. "गाढवा, बुडवलंस मला!"

टोमॅटोनं माना टाकल्या. मग एका दुपारी थोरले स्वतःच खोलीत शिरले, रेल्वेवाल्यांनी खुणेचा दगड पुरलाय का ते बघायला. बाहेर रान तापलेलं, आत गारवा. कोपरे चाचपडता चाचपडता पोत्यावर टेकले आन् घोरायला लागले. उन्हं कलल्यावर उठले.

"दगड न्हाई," ते म्हणाले. "जा, घे पाळी. पण माझा इश्वास न्हाई."

निम्मी टोमॅटो वाचली. पण पुढच्याच महिन्यात थोरल्यांनी सुताराकडनं आपल्या पत्र्याच्या खोलीला तसलीच झालर मारून घेतली. मग बाकीच्या भावकीनंबी. स्टेशन एकट्याच्याच रानात कशाला, राव?

चुलता नुसता हसायचा. मला मात्र एक कोडं अजून सुटलं न्हाई. रस्ता एकीकडं असताना त्यानं खोलीचं दार दुसरीकडं, रेल्वे जाणार म्हणत्यात त्या मोकळ्या रानाकडं का ठेवलं?