म्हाताऱ्या झाडांच्या मित्राताई

डॉ. संघमित्रा गजभिये यांच्यावर अन्याय झाला. कधी, तेही सांगते: २०१७च्या मार्चमधल्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी साडेअकराला, बॉनमधल्या एका सभागृहात, सगळ्यांसमोर. करणारे दोघे होते. एक, कागद बनवणारी एक कंपनी. दुसरी मी. पाच आठवड्यांपूर्वी मित्राताईंच्या मुलीचा, मैत्रेयीचा फोन आला. तिला मराठी समजतं, पण उत्तर ती जर्मनमध्येच देते. त्या दिवशी मात्र मराठीत म्हणाली, "आई गेली." 

मित्राताई मूळच्या नागपूरच्या. संशोधनासाठी बॉनला आल्या आणि इथल्याच झाल्या. मी तेव्हा विद्यार्थिनी होते, जंगलं वाचवणाऱ्या एका गटासाठी पत्रकं लिहायचे आणि दर वाक्याला उद्गारचिन्ह द्यायचे. पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले तेव्हा त्या सावजी मटणाचा मसाला भाजत होत्या. तव्यावर टाकायचं दगडफूल त्यांनी माझ्या तळहातावर ठेवलं. "याची चुलतबहीण तिकडं उत्तरेत झाडाले लोंबते. दाढीसारखी. तिच्यापायीच माझी नोकरी आहे पोरी." उत्तर फिनलंडच्या जंगलात त्या चार उन्हाळे ही दाढी मोजत होत्या. मोजण्यासाठी ती तोडायची नाही, हा त्यांचा नेम. खाली पडलेल्या दाढीची मुठीएवढी एक जुडी काठीच्या टोकाला बांधायची, ती फांदीशेजारी धरायची आणि तेवढ्या किती जुड्या त्या फांदीवर आहेत ते नजरेने मोजायचं. मग पुढची फांदी. मग पुढचं झाड. डास चावून चावून चेहरा सुजायचा.

हे मोजायचं कशाला, असं मी तोंडावर विचारलं होतं. त्या रागावल्या नाहीत. तिथले रेनडिअर हिवाळ्यात खुरांनी बर्फ उकरून जमिनीवरचं दगडफूल खातात. आता ऐन हिवाळ्यात मधेच पाऊस पडतो, तो गोठतो आणि बर्फावर काचेसारखा कडक थर बसतो. खूर चालत नाहीत. मग पोटाला उरते ती झाडावरची दाढी, आणि ती भरपूर असते फक्त म्हाताऱ्या झाडांवर. म्हातारं जंगल तोडून तिथे रोपं लावली तर विमानातून सगळं हिरवंगार दिसतं. पण रेनडिअरचं पोट भरेल एवढी दाढी परत यायला माणसाचं अख्खं आयुष्य जातं. अशाच एका म्हाताऱ्या जंगलाचं लाकूड ही कंपनी टिश्यू पेपरसाठी घेत होती. आम्हाला ती खरेदी थांबवायची होती.

कंपनीने ‘लोकांशी संवाद’ ठेवला. मित्राताई त्यांची मोजणी मांडणार होत्या. मी पत्रक केलं. त्यांनी मला चाळायला दिलेल्या फोटोंमधून मरून पडलेल्या रेनडिअरचा एक फोटो उचलला आणि खाली छापलं: ‘भुकेने मेलं. तुमच्या टिश्यूसाठी!’ त्यांना विचारलं नाही. विचारायचं काय, मेलेलं तर होतंच! सभागृहात प्रत्येक खुर्चीवर ते पत्रक होतं. कंपनीचा माणूस ते हातात घेऊन उठला आणि अगदी गोड आवाजात म्हणाला, "फ्राउ डॉक्टर, फोटो तुमचा आहे ना? हे जनावर कशाने मेलं?" मित्राताईंनी पत्रकाकडे पाहिलं. मग माझ्याकडे... आणि म्हणाल्या, "गाडीची धडक बसून. रस्त्यावर." "गेनाऊ, अगदी बरोबर," तो म्हणाला आणि बसला. लोक हसले. त्यानंतर त्या वीस मिनिटं बोलल्या. चार उन्हाळ्यांची मोजणी होती ती, एकाही माणसाने टिपून घेतली नाही. खरेदी चालू राहिली.

ट्रामच्या थांब्यावर मी त्यांच्या अंगावर ओरडले. "एक ‘आठवत नाही’ म्हणता आलं नाही तुम्हाला? त्या खोटारड्यांसमोर कसला एवढा खरेपणा?"

"दर रविवारी पोरीसमोर बसून पंचशील म्हणतो आम्ही," त्या म्हणाल्या. "तिला अर्थ जर्मनमध्ये सांगावा लागते. चौथ्या शीलाचा अर्थ काय सांगू मग? खोटं बोलायचं नाही, पण टिश्यूवाल्यासमोर चालते?"

मी थांब्यावरचं ट्रामचं वेळापत्रक वाचू लागले.

"आणि भुकेनं मेलेली होती ना. सात. तपासून, नोंद करून ठेवलेली. तू विचारलंच नाही."

"त्यांचे फोटो कुठे होते?"

"होते. हाडं आणि कातडं. तुले ते आवडले नसते, रक्त नव्हतं त्यात."

ट्राम आली. चढताना त्यांनी माझी पिशवी हातात घेतली. त्यांनी मला कधी दोष दिला नाही. मला तो हवा होता. पुढच्या वर्षी आजार निघाला. तरी माझं प्रत्येक पत्रक त्या मागून घ्यायच्या. शेवटची भेट झाली तेव्हा उशीला टेकून, पेन्सिलने, माझ्या नव्या मजकुरावर खुणा करत होत्या. ‘सगळी जनावरं’ खोडून ‘त्या कळपातली’ केलं. ‘कायमचं नष्ट’च्या पुढे लिहिलं, ‘कशावरून?’ एका ओळीपुढे मात्र बरोबरची खूण होती. मी विचारलं, "एवढं बारीक कोण वाचणार मित्राताई?" "तो कंपनीवाला वाचल ना," त्या म्हणाल्या आणि हसता हसता खोकू लागल्या.

तो कागद माझ्या टेबलावर आहे. लिहायला बसले की आधी तोच दिसतो. ती बरोबरची खूण असलेली ओळ अशी आहे: ‘तोडलेल्या जंगलाच्या जागी रोपं लावली म्हणून काही येत्या हिवाळ्यात रेनडिअरला खायला मिळत नाही.’

त्या लाकडाचा करार या हिवाळ्यात नव्याने होणार आहे. जंगलाचा अर्ध्याहून मोठा भाग अजून उभा आहे. म्हणून तुम्हाला सांगते, तुम्ही पुण्यात असा, बॉनमध्ये असा, नाहीतर वोल्फ्सबुर्गमध्ये. उद्या ऑफिसात खरेदी पाहणाऱ्या माणसाकडे जा आणि विचारा, आपल्या कागदाचं लाकूड म्हाताऱ्या जंगलातलं आहे का? "ते झाडं परत लावतात" असं तो म्हणेल. तेवढ्यावर उठू नका. लेखी उत्तर मागा.