फॉर्मवरचा सातवा रकाना

आखाती देशातल्या वादी कबीर भागातल्या ज्या क्लिनिकमध्ये मी नर्स आहे, तिथे मूल होत नाही म्हणून येणाऱ्या बाईचा फॉर्म डॉक्टरांच्या आधी मी भरते. त्यातला सातवा रकाना नवराबायकोच्या संबंधांचा. एकोणीस वर्षं तो मी न विचारताच भरला: 'नियमित'. आपल्या बायका सोबत सासूला नाहीतर जावेला घेऊन येतात. त्यांच्यासमोर कोण विचारणार? शिवाय लग्न झालंय म्हणजे ते आलंच, असं मी धरून चालले होते.

एक कोरियन बाई मात्र एकटी यायची. एका इंजिनिअरची बायको, चाळिशीची. तिचाही रकाना मी सवयीने भरून टाकला. पाच महिने गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, गर्भनलिकांची दुखरी तपासणी झाली. तपासणीच्या वेळी तिने माझं मनगट धरलं होतं. वळ उठले होते.

एके दिवशी ती हसतच आत आली. "सिस्टर, सासूबाईंच्या स्वप्नात भलंमोठं पीच आलं. आमच्याकडे बाळ यायचं असलं की घरात कुणाला तरी असं स्वप्न पडतं."

"मग पेढे आणा," बीपीचा पट्टा गुंडाळत मी म्हणाले.

"नुसत्या स्वप्नाने काय होतंय? दोन वर्षांत आम्ही एकदाही जवळ आलेलो नाही."

पट्टा टेबलावर ठेवून मी विचारलं, "भांडण झालंय?"

"छे! तो लांबच्या दुकमच्या साइटवरून दर गुरुवारी सुट्टीला येतो, जेवतो, झोपतो. मीही दमलेली असते. छान चाललंय आमचं. माझ्या दोन मैत्रिणींचंही असंच आहे."

"अहो, मग सांगितलं का नाहीत?" माझा आवाज चढला.

"तुम्ही विचारलं नाहीत. इंजेक्शनं दिलीत, मला वाटलं बीजं काढून बाहेर गर्भ तयार करणार."

चाळिशीत पाच महिन्यांतही बीजं किती घटतात, हे मी रोज इतरांना समजावते. तशीच डॉक्टरांकडे गेले. "मॅडम, फॉर्मवरचा तो शब्द तिचा नाही, माझा आहे."

त्यांनी कागद हातात घेतला. "आणि बाकीचे फॉर्म?"

मी फायलींचं कपाट उघडलं.

गुरुवारी दोघांना बोलावून मॅडमनी सरळ विचारलं: आधी घरी प्रयत्न करणार, की बाहेर गर्भ तयार करायचा? दोघं एकदमच म्हणाले, "बाहेर." मला तेव्हाही धक्का बसला, पण निर्णय त्यांचा होता. टेस्ट ट्यूब बेबीच्या मोठ्या केंद्रात बीजं मिळाली तीन. गर्भ एकही टिकला नाही. पाच महिने आधी किती मिळाली असती, हे मी मॅडमना विचारलं नाही.

फाइल न्यायला ती आली तेव्हा एवढंच म्हणाली, "सिस्टर, पुढचीला विचारा."

पुढची रत्नागिरीकडची होती, सोबत सासू. मी सुनेला विचारलं. सासू उसळली, "ओ सिस्टर, जनाची नाही तर मनाची तरी ठेवा!"

"मनाचीच ठेवलीय, मावशी. तुम्ही जरा बाहेर बसा."